छत शिवायचं की बदलायचं

मी भित्री आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज व्हायला नको. मला पोहता येत नाही. शिडीच्या तिसऱ्या पायरीनंतर माझे पाय लटपटायला लागतात. साप, कोळी आणि गांधीलमाश्या यांच्याशी माझं जन्माचं वैर आहे. आणि अशा बाईने एकोणीस वर्षं मिनेसोटातल्या तळ्यांवर, पाण्यात उभ्या असलेल्या सांगाड्यांवर चढून पोट भरलं. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तुमच्या वेगळ्या व्यवसायाबद्दल लिहा, असा निरोप आला तेव्हा माझा नवरा मिलिंद म्हणाला, "वेगळा कसला? शिंपीकामच ना ते!" त्याचं खरं आहे. फक्त मी ज्यांची मापं घेते त्या बोटी असतात.

ज्यांनी तळ्याकाठचं घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सनीव्हेलच्या माझ्या दिराला मी तीनदा समजावलं, तरी तो अजून विचारतो, "बोटीला लिफ्ट कशाला? कितव्या मजल्यावर नेतात?" तर, बोट उन्हाळाभर पाण्यात ठेवली की तिच्या बुडाला शेवाळ धरतं आणि लाटांनी ती डॉकवर, म्हणजे काठावरून पाण्यात गेलेल्या फळ्यांच्या धक्क्यावर, आपटत राहते. म्हणून डॉकला लागून, तळ्याच्या तळावर चार पायांचा ॲल्युमिनियमचा सांगाडा उभा करतात. बोट त्यात शिरवायची, बाजूचं मोठं चाक फिरवायचं, की बोट पाण्याच्या वर उचलली जाते. सांगाड्याच्या डोक्यावर कमानी असतात आणि त्यांवर जाड व्हिनाइलचं कापड ताणून बसवलेलं असतं. हे छत, इंग्रजीत कॅनपी. ऊन, पाऊस आणि पक्ष्यांची घाण यांपासून बोट वाचवायची, एवढंच त्याचं काम. ऑक्टोबरात ते उतरवायचं आणि सांगाडा काठावर ओढून ठेवायचा, कारण पुढे तळं गोठतं. मे महिन्यात पुन्हा सगळं पाण्यात.

मी या धंद्यात पडले ती वॉल्टमुळे. वॉल्ट म्हणजे आमच्या गावातला कॅनव्हासचं दुकान चालवणारा म्हातारा. काम करायची परवानगी नसल्यामुळे पहिली काही वर्षं मी घरात बसून पडदे शिवले, उशा शिवल्या, शेजारणींच्या मुलींचे घागरे शिवले. परवानगी आली त्या आठवड्यात त्याच्या दारावरची 'शिवणकाम येणारा माणूस पाहिजे' ही पाटी पाहून आत गेले. त्याने मला व्हिनाइलचे दोन तुकडे दिले आणि एक धिप्पाड मशीन दाखवलं. मी सरळ शिलाई मारून दाखवली. तो नुसता चहा प्यायला निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी कामावर होते. पुढे त्याचे गुडघे गेले आणि दुकान माझ्याकडे आलं.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: याला शिवता येईल का, की नवीनच लागेल? त्याचं उत्तर देणं हाच आमचा खरा धंदा. शिवणं कुणीही शिकेल. दोरा गेला असेल आणि कापड धड असेल, तर शिवायचं. कापडच गेलं असेल तर बदलायचं. पण ते गेलंय की नाही हे लांबून कळत नाही, कारण छत फाटतं एका जागी आणि कुजलेलं असतं दुसऱ्याच. दक्षिणेकडची उतरती बाजू चिमटीत धरून दुमडायची. दुमडीवर पांढऱ्या भेगा दिसल्या तर पहिली शंका. मग अंगठ्याचं नख घासायचं. व्हिनाइलचा थर पापुद्र्यासारखा निघून आतले उभे-आडवे धागे दिसले, तर दुसरी. शेवटी कडेला ज्या पितळी कड्या ठोकलेल्या असतात, त्यांच्याभोवतीचं कापड बोटाने ओढून पाहायचं. तिथं ते ताणलं न जाता टरकलं, तर पुढे बोलायचं कारण नाही. अशा कापडाला ठिगळ लावलं तर ठिगळ टिकतं आणि त्याच्याभोवतीचं कापड फाटतं.

वॉल्टचा मात्र याहून सोपा नियम होता. मी एकदा अशाच एका जुन्या छतापुढे अर्धा तास घोळ घालत उभी होते. तो मागून आला आणि म्हणाला, "इफ इट स्केअर्स यू, रिप्लेस इट." भीती वाटली की बदल. मला वाटलं, चला, माझ्यासारख्या बाईला याहून बरा धंदा मिळणार नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. एकाने आणलेल्या छतात कापड कमी आणि चिकटपट्टी जास्त होती. त्याने ती दर वर्षी वेगळ्या रंगाची लावली होती, आणि कुठली पट्टी कुठल्या उन्हाळ्यातली हे तो मला कौतुकाने सांगत होता. एका आजीबाईंनी छत दुरुस्तीला देऊन वर मला आठ आठवडे थांबवलं, कारण आतल्या कमानीवर पाकोळ्यांनी घरटं केलं होतं आणि पिल्लं उडायची होती. एकदा कमानीवरून हातभर लांब पाणसाप माझ्या खांद्यावर पडला. तो बिनविषारी होता, असं मला नंतर सगळ्यांनी सांगितलं. त्या दिवशी मी घरी जाऊन आठ वाजता झोपले आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही.

पण ही भीती गमतीची. खऱ्या भीतीबद्दल लिहायचं मी दोन उन्हाळे टाळत होते.

करमरकर काका मला मंडळामुळे माहीत होते. वय तेव्हा एक्याऐंशी. सत्तरच्या दशकात पुण्याहून आलेले, इथल्या एका कागद कारखान्यात मेन्टेनन्स इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. काकू गेल्यावर ते आपल्या मुलीकडे, नेहाकडे राहायला आले. नेहा इथेच जन्मलेली, मुलांच्या दातांची डॉक्टर. तिला मराठी कळतं, बोलताना मोडकंतोडकं येतं, वाचता अजिबात येत नाही. तिचं घर तळ्याकाठी आहे. घरामागून लाकडी पायऱ्या उतरत डॉकपर्यंत जातात आणि तिथे लिफ्टमध्ये तिची बोट असते.

मे महिन्यात नेहाचा फोन आला. "मावशी, आमची कॅनपी टॉप ला रिप झाली आहे. आय वॉन्ट टु जस्ट ऑर्डर अ न्यू वन, पण बाबा म्हणतात शुभदाला विचार."

मी गेले. छत काठावरच्या गवतावर पसरलेलं होतं आणि काका त्याच्या एका कोपऱ्यापाशी स्टूल टाकून बसले होते. मधल्या कण्यावर चांगलं दोन हात लांब फाटलं होतं. मी दुमडून पाहिलं, भेगा. नख घासलं, धागे. कड्यांपाशी ओढून पाहिलं, आणि माझ्या बोटात कापडाचा चुरा आला. पंधरा वर्षांचं छत होतं ते. विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

नेहा वर फोनवर बोलत होती. काका माझ्याकडे टक लावून बघत होते. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "शुभदा, आधी माझं ऐक. नवीन आलं की ती कंपनीची माणसं येणार, तीच बसवणार, तीच ऑक्टोबरात काढून नेणार. तसं पॅकेजच घेतेय नेहा. मग मी काय करायचं? या घरात डिशवॉशर लावायचं काम माझ्याकडे नाही, गवत कापायचं नाही, ड्रायव्हिंग बंद केलं. हे छत चढवणं-उतरवणं, त्याच्या दोऱ्या बघणं, एवढंच माझं आहे. तू शिवून दिलंस तर अजून दोन उन्हाळे जातील."

"काका, कापड थकलंय हो."

"मी पण थकलोय. मला बदललंय का कुणी?"

ते हसले आणि मीही हसले. तिथेच चुकलं. दुसऱ्या कुणाचं छत असतं तर मी एका वाक्यात विषय संपवला असता. पण समोर वडिलांच्या वयाचा माणूस हात जोडायच्या बेतात होता, आणि मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची जीभ मला आईने दिलीच नाही. शिवाय फाटलेलं फेकून देताना आपल्या सगळ्यांच्याच जिवावर येतं. मला भीती वाटत होती. वॉल्टचा नियम मला पाठ होता. तरी नेहा खाली आली तेव्हा मी म्हणाले, "वी कॅन फिक्स इट."

मी जीव ओतून काम केलं. कण्यावर नव्या कापडाची पट्टी लावली, चारही कडांना आतून अस्तर दिलं, कड्या नव्या ठोकल्या. देताना काकांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे कापड नाजूक आहे, फार ताणून बांधू नका, थोडं सैल असू द्या. दुसरी, दोऱ्या रबरीच ठेवा. लिफ्टच्या छताला रबरी दोऱ्या असतात त्याला कारण आहे. वादळी वारा छताखाली शिरला की या दोऱ्या ताणून सुटल्या पाहिजेत. छत उडून गेलेलं परवडतं. ते सुटलं नाही तर वारा अख्ख्या लिफ्टलाच उचलतो. बोट आत असेल तर तिच्या वजनाने लिफ्ट तळाला बसून राहते, पण रिकामी लिफ्ट आणि वर घट्ट छत म्हणजे उघडी छत्री घेऊन वादळात उभं राहणं.

"कळलं, कळलं," काका म्हणाले. "मी इंजिनिअर आहे, बाळ."

जून गेला, जुलै आला. दर वादळाला मी घरात बसून त्या छताचा विचार करायची. मिलिंदने दोनदा विचारलं की तुला झालंय काय. मी सांगितलं नाही. रस्त्याने जाताना वारा सुटला की माझी नजर झाडांच्या शेंड्यांकडे जायची. एकदा सहज भेटायला आल्यासारखं करून मी छत बघूनही आले. तेव्हा सगळं ठीक होतं, रबरी दोऱ्या जागच्या जागी होत्या. कापड जरा फडफडत होतं, सैल होतं म्हणून. काका म्हणाले, "दिवसभर फडफड ऐकतोय. वाटतं, आता टरकतंय की मग टरकतंय." मी म्हणाले, "फडफडू दे हो, काही होत नाही." या वाक्यावर माझा स्वतःचाच विश्वास नव्हता.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी एकला गावातले भोंगे वाजतात. ती चाचणी असते, कुणी मान वर करून बघत नाही. पण त्या दिवशी गुरुवार होता आणि साडेतीन वाजले होते. मी दुकानात एकटी होते. आकाश पश्चिमेकडून हिरवट काळं होत आलं होतं. फोनवर वादळाचा इशारा आला आणि पाठोपाठ काकांचा फोन.

"शुभदा, तुझ्याकडे पण इशारा आला ना? म्हटलं तू काळजीत असशील. छताची काळजी करू नकोस. आता ते एक इंचसुद्धा हलत नाही. मी त्या रबरी दोऱ्या काढून टाकल्या गेल्या आठवड्यात, फडफड सहन होईना. आता पक्की नायलॉनची दोरी लावलीय."

"कुठली नायलॉनची दोरी?"

"अगं, आपल्या बॅगांची! पिवळी. पुण्याहून येताना बॅगांना गुंडाळतो ना आपण. इतक्या वर्षांच्या साठल्या होत्या, एकही टाकली नव्हती. सगळ्या जोडल्या, प्रत्येक कडीतून ओवून घेतल्या आणि खालच्या दांडीला आवळल्या. तीस वर्षांत माझी एक बॅग कधी उघडली नाही विमानात."

मी घाईघाईने विचारलं, "बोट आत आहे ना पण?"

"नाही गं, इंजिनाचं काम निघालं म्हणून सोमवारी दुकानात नेली."

आता मी इथे शांतपणे म्हणायला हवं होतं की काका, तळघरात जा आणि दार लावून बसा. त्याऐवजी मी किंचाळले, "अहो काका, काय केलंत हे! ती दोरी सोडायला हवी! लिफ्ट उलटेल!"

मग ते अगदी समजूतदार आवाजात म्हणाले, "हो, खरंच की. थांब, सोडूनच येतो. पाच मिनिटांचं काम." आणि फोन ठेवला.

मी परत फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. त्यांनी तो स्वयंपाकघरातच ठेवला होता, हे नंतर कळलं. नेहाला लावला तर ती पेशंटबरोबर, निरोप ठेवला. एक्याऐंशी वर्षांचा माणूस वादळाच्या तोंडावर डॉकवर गेला होता आणि त्याला मी पाठवलं होतं. मी व्हॅन काढली तेव्हा भोंगे सुरू झाले.

नऊ मैल. ते नऊ मैल मला सलग आठवत नाहीत. रस्त्यावर आडव्या पडलेल्या फांद्या आठवतात. वायपर चालू असून काही दिसत नव्हतं हे आठवतं. मी मोठ्याने रामरक्षा म्हणत होते, आणि दर दोन ओळींनी चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. मनात एकच चित्र येत होतं, की मी डॉकपाशी पोचले आहे आणि डॉकवर कुणीच नाही.

डॉकवर काका होते. गुडघ्यावर बसून गाठी सोडत होते. बाजूला ती रिकामी लिफ्ट हलत होती. वारा तळ्याकडून येत होता, छताखाली शिरत होता आणि बाहेर पडायला त्याला वाट नव्हती. दर झोताला लिफ्टचे पलीकडचे दोन पाय चिखलातून सुटून वर यायचे, सगळा सांगाडा काकांच्या डोक्यावर झुकायचा आणि झोत सरला की दाणकन खाली बसायचा. ते मान खाली घालून गाठ सोडत होते. वर बघतच नव्हते.

मी पायऱ्यांवरच थांबले. खरं सांगते, पुढे जायची माझी इच्छा नव्हती. डॉक हलत होता, लाटा फळ्यांवरून वाहत होत्या, दोन्ही बाजूंना काळं पाणी. मी काठावरून ओरडले, "काका, सोडा ते, इकडे या!" वाऱ्यात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मग मी बसले, आणि बसून, हाताने फळ्या धरत, लहान मुलासारखी सरकत त्यांच्यापर्यंत गेले. कंबरेला कापड कापायची वाकड्या पात्याची सुरी होती, तेवढी एक गोष्ट बरोबर होती.

"निघा इथून!" मी त्यांचा दंड धरला.

"झालीच, एक गाठ राहिलीय." एक नव्हती. सतरा तरी असतील. ओल्या नायलॉनच्या गाठी आवळून दगड झाल्या होत्या आणि काकांची नखं रक्ताळली होती.

मी सुरी काढली आणि दोरी कापायला लागले. आणि इतक्या भयंकर वेळी तो माणूस मला काय म्हणाला असेल? "अगं कापू नकोस, चांगली दोरी आहे!"

मी कापत गेले. एक, दोन, तीन. लिफ्ट पुन्हा वर झुकली. वरची दांडी माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर आली आणि थांबली, तिथेच थरथरत राहिली. आता ती येणार, असं मला अगदी स्पष्ट वाटलं. मी डोळे मिटून चौथा फास कापला. वरून प्रचंड मोठा फटका ऐकू आला. आमच्या बाजूची अख्खी कड सुटून वर उडाली, वारा मोकळा झाला आणि लिफ्ट मागे जाऊन आपल्या चार पायांवर बसली. छत मात्र आता आमच्या डोक्यावर पताकेसारखं तडतडत होतं आणि मी स्वतः ठोकलेल्या पितळी कड्या हवेत गरगर फिरत होत्या. त्यातली एक काकांच्या भुवईवर बसली. ते बाजूला कलले. मी त्यांना पाण्याच्या कडेपासून ओढलं, अंगाखाली घेतलं, आणि तशीच त्यांना फरपटत काठापर्यंत आणलं. कसं आणलं ते विचारू नका, मला माहीत नाही.

नेहा आली तेव्हा आम्ही तळघरात जमिनीवर बसलो होतो. काकांच्या डोक्याला टॉवेल बांधला होता, तो लाल झाला होता. ते शुद्धीवर होते आणि थंडीने कुडकुडत होते. नेहाने आधी जखम पाहिली, डोळ्यांत टॉर्च मारला, बोटं मोजायला लावली. मग सगळं समजल्यावर ती माझ्याकडे वळली.

"मावशी, वॉज दॅट कॅनपी ओके? टेल मी ऑनेस्टली. वॉज इट सेफ टु फिक्स?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याआधी काका बोलले. "शुभदाने सांगितलं होतं, बदला म्हणून. मीच हट्ट केला. दोरी पण मीच बांधली, तिने नको म्हटलेलं असताना."

दोरीचं खरं होतं. पहिलं वाक्य खोटं होतं. मी काकांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य लागलं असतं. पण मला भीती वाटली. दुकानाची वाटली, मंडळात काय बोलतील याची वाटली, आणि नेहाच्या नजरेची सगळ्यात जास्त वाटली. मी मूग गिळून गप्प बसले.

नेहा वडिलांना म्हणाली, "बाबा, यू ऑलमोस्ट डाइड. फॉर अ टार्प. तुम्ही कुणाचंच ऐकत नाही. आय कान्ट ट्रस्ट यू अलोन."

काकांच्या भुवईला सहा टाके पडले. पुढच्याच आठवड्यात डॉककडे जाणाऱ्या पायऱ्यांच्या वर फाटक बसलं, त्याला आकड्यांचं कुलूप. आकडे काकांना सांगितले नाहीत. नवीन छत आलं, कंपनीची माणसं आली. काकांसाठी दुपारी घरी एक मदतनीस बाईही यायला लागली. मंडळात कुणीतरी म्हणालं, करमरकरांचं हल्ली वयच झालं, मुलीने कुलूप लावलं ते बरंच केलं. मी तिथे होते. प्लेटमधली कोशिंबीर खात होते.

संक्रांतीच्या कार्यक्रमात काका भेटले. मी पाया पडले. म्हटलं, "काका, तुम्ही त्या दिवशी कशाला तसं सांगितलंत?"

"तुझं दुकान आहे, बाळ. माझं काय जायचंय त्यात?" मग जरा थांबून म्हणाले, "नवीन छत छान आहे हं. खिडकीतून दिसतं."

त्यांचं काय गेलं ते त्यांना माहीत होतं आणि मलाही. तरी अजून एक उन्हाळा मी तसाच घालवला.

या अंकासाठी लिहायला बसले तेव्हा हे सगळं लिहून काढलं. दोन दिवस फार हलकं वाटलं. मग माझ्या लक्षात आलं की जिच्यापुढे कबूल करायचं तिला मराठी वाचता येत नाही, आणि मी कबुली देतेय ती मराठीत. अशी चलाखी करायला मी बरी धीट झाले! लेख बाजूला ठेवला आणि एका शनिवारी सकाळी नेहाकडे गेले.

ती ओट्यापाशी सफरचंद चिरत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, इंग्रजीत, शब्द जुळवून. कापड कुजलेलं होतं. मला ते दिसलं होतं. मी बदला असं म्हटलंच नव्हतं. बाबांनी मला वाचवायला तसं सांगितलं आणि मी गप्प राहिले.

तिने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "टू समर्स, मावशी. दोन समर्स मी त्यांना लाइक अ चाइल्ड ठेवलं. मला वाटलं ते सगळं विसरतात. कोण काय सांगतं ते त्यांना आता समजत नाही." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

ती तशीच मागच्या दाराने बाहेर गेली. पाच मिनिटांनी कुलूप हातात घेऊन आत आली आणि ते सफरचंदांच्या शेजारी ठेवलं.

काका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मांडीवर शाल, समोर तळं. भुवईवरची खूण पांढरी झाली होती. नेहा त्यांच्यापाशी खाली बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "बाबा, सॉरी. चला, आपण डॉकवर जाऊ. तुम्ही छताच्या दोऱ्या बघा. मी काही म्हणणार नाही."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. मला वाटलं, आता ते उठतील. त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन थोडं उठल्यासारखं केलंही. मग पुन्हा बसले आणि शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"आज नको," ते म्हणाले. "वारा सुटलाय."

बाहेर तळं अगदी स्तब्ध होतं आणि काठावरच्या झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.